छताचं कापड

तिघांनी मिळून एक मोटार दुरुस्त करायला घेतली, की दुरुस्ती एक होते आणि किस्से सात! लढाईच्या दिवसांत आमच्या मेडशीत, नामदेवच्या गोठ्यात हेच झालं. नामदेव शेतकरी, इस्माइलभाई गाद्या भरणारा पिंजारी आणि मी शाळेतला मास्तर. मोटारीचं आतलं काम तिघांपैकी एकालाही येत नव्हतं. अजूनही पारावर बसलो की कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, ते मोटारीचं सांगा."

*

नामदेवला मोटारीची हौस अजिबात नव्हती. त्याच्या आईच्या पोटात गाठ होती. अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, तर पहिल्याच नाल्यात म्हातारी ओरडली, "नामदेवा, मले इथंच टाकून दे, पन ही गाडी थांबव!" प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत बसायची मारामार, तिला तर आडवं व्हायचं होतं. शेवटी बायकोच्या पाटल्या मोडून नामदेवने रिसोडच्या एका व्यापाऱ्याची जुनी मोटार आणली. इंजिन ठणठणीत. आत मात्र सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, दारांचं रेक्झिन सोललेलं, छताचं कापड लोंबत होतं.

इस्माइलभाई आत डोकावला. "नामदेव, हे तर मेलेलं जनावर हाये बे! वरून कातडं, आत नुसते हाडं!"

*

मागचं सीट उसवलं, तर आतून उंदरांचं घरटं निघालं आणि त्यात चांदीचा एक इवलासा वाळा. परक्याची चांदी घरात नको, म्हणून नामदेव सायकल मारत रिसोडला गेला. व्यापाऱ्याने वाळा घेतला, बराच वेळ बघितला आणि परत नामदेवच्या हातावर ठेवला. "याच सीटवर माह्या नातवाले अकोल्याले नेलं होतं. तुमीच ठेवा."

नामदेव वाळा खिशात घालून परतला. आल्यावर मला म्हणाला, "मास्तर, त्यानं मोटार काहून विकली ते समजलं."

*

सीट भरली इस्माइलभाईने. त्याने जन्मभर लग्नाच्या गाद्या भरलेल्या, हात आखडता घेणं त्याला ठाऊकच नव्हतं! कापूस ठासला, काठीने बडवला, पुन्हा ठासला. नामदेव ऐटीत पुढे चढला, तर डोकं छताला आणि पाय ब्रेकच्या वीतभर वर!

"इस्माइलभाई, आता मोटार थांबवीन कोन?"

"तू नुसती चालव. थांबवनारा वर बसला हाये!"

पुढच्या सीटमधला निम्मा कापूस काढावा लागला. मागच्या सीटला मात्र नामदेवने हात लावू दिला नाही. तिथे म्हातारी निजणार होती.

*

रेक्झिन मिळेना, म्हणून दारांना तरट चिकटवायचं ठरलं. अक्कल माझी! शाळेतले नकाशे मी ज्वारीच्या पिठाच्या खळीने चिकटवायचो, तीच घमेलंभर शिजवली. चारही दारं झकास झाली. उजाडल्यावर बघतो तर दोन दारं उघडीबोडकी. शेजारी बांधलेल्या बैलाने खळीसकट तरट खाल्लं होतं आणि आता तिसऱ्याकडे मान लांबवली होती!

म्हातारी ओसरीवरून बघत होती. "मास्तर, वैरन बैलाले घातली का मोटारीले?" असं म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता पोट धरून वाकली. आम्ही तिघे माना खाली घालून उभे राहिलो. त्यानंतर तिला हसताना मी पाहिलं नाही.

*

राहिलं छत. लढाईमुळे कापड परवान्यावर, आणि मोटारीच्या छताला परवाना देतो कोण! म्हातारीने सुनेला ट्रंक उघडायला लावली. तळातून पांढरं कोरं कापड निघालं. नवरा गेल्यावर ती काशीला जाऊन आली होती, तेव्हा स्वतःसाठी आणलेलं.

नामदेवचा चेहरा उतरला. "माय, हे नोको."

"काहून? पेटीत कोनाले दिसून राह्यलं ते? मोटारीत पडल्या पडल्या पाहीन तरी. पन कापाचं नाई अन् शिवाचं नाई. घड्या घाला अन् नुसते खिळे मारा."

इस्माइलभाई कुरकुरला, "दोन टाके घातले त सुरकुती राहनार नाई."

"टाका घालशीन त हात मोडीन तुहा!"

दिलं तर दिलं, वर अटी कशाला, असं मला वाटलं. आज त्याची लाज वाटते. घड्या घालून, कडेकडेने खिळे मारून आम्ही छत केलं. सुरकुत्या राहिल्याच.

*

अकोल्याला मी बरोबर होतो. वाटभर म्हातारी छताकडे बघत उताणी पडून होती. पातूरच्या घाटात नामदेवने विचारलं, "दुखते का माय?"

"नाई. गादी चांगली भरली, इस्माइलले सांगजो."

डॉक्टरांनी तपासलं आणि नामदेवला बाजूला घेऊन म्हणाले, "उशीर झाला, घरी न्या." परतीच्या वाटेवर त्याच घाटात नामदेवने पुन्हा तेच विचारलं. या वेळी उत्तर आलं नाही. मी मागे वळून बघितलं. तिचे डोळे छताकडेच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. कचेरी बंद, परवाना नाही. नामदेव तशीच मोटार घेऊन तिच्या अंगावर घालायच्या कोऱ्या कापडासाठी मालेगावला गेला. दुकानदार म्हणाला, "परवान्याबिगर हातभर बी देता येत नाई." दुपारी तो रिकाम्या हाताने परत आला. अंगणात माणसं बसली होती.

इस्माइलभाई उठला, पक्कड घेतली आणि मोटारीत शिरला. एकेक खिळा निघाल्याचा आवाज बाहेर येत होता. कापड बाहेर आणून त्याने झटकलं आणि एका टोकाला मला धरायला लावलं. घड्या उलगडत गेल्या. लांबी पुरेपूर होती.

कडेला खिळ्यांची बारीक भोकं होती. टाका एकही नव्हता.