पावणेपाच फुटांची आत्या
आत्याने ठेकेदार न नेमता स्वतः उभं राहून घर बांधायला काढलं, ते एका ओट्यापायी. उंची पावणेपाच फूट असल्यामुळे जन्मभर तिने पाटावर उभं राहून स्वयंपाक केला होता.

गवंडी म्हणाला, "बाई, ओटा पावणेतीन फुटांचाच असतो. सगळीकडे."

"सगळीकडे मी रांधत नाही."

तो हसला आणि आपल्याच मापाने विटा रचू लागला. वाद घालणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याचं सिमेंटचं घमेलं उंच पिंपावर, थेट त्याच्या हनुवटीशी ठेवायला लावलं.

"हे काय?"

"घमेलं इथंच असतं. सगळीकडे."

दुपारी खांदा चोळत त्याने विचारलं, "किती इंच उतरवू?"

आत्याने माप सांगितलं आणि पाट त्याला बसायला दिला.