शेवटच्या होडीचं डिझेल

मुलाखतीत माझं इंग्रजी मधेच अडलं. तालुक्याच्या शाळेत शिकलेला मी, घरातला पहिला पदवीधर. वडील गुजरातेत, उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला. समोर बसलेले साहेब म्हणाले, "मराठीत सांग ना. सूर्याला कुठे इंग्रजी येतं?" मग मी सगळं धडाधड सांगितलं. त्या संध्याकाळी डिंडोलीच्या आमच्या खोलीत वडील म्हणाले, "तुना साहेब देवमाणूस शे." आईनं देवापुढे साखर ठेवली. मलाही तसंच वाटत होतं, आणि पुढची काही वर्षं वाटत राहिलं.

साहेबांची सौरऊर्जेची लहानशी कंपनी होती. मला मिळालेलं पहिलं मोठं काम एका बेटावरचं. इच्छापोरच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी मासेमारांची थोडी घरं आहेत. तिथे विजेची तार पोचलेली नव्हती. हँडल मारून सुरू करायचं एक जुनं डिझेल इंजिन होतं. त्यावर घरातले दिवे लागत आणि मुख्य म्हणजे खाडीच्या वळणावर बांबूला टांगलेला मोठा दिवा. ओहोटीच्या वेळी तिथे पाण्याची अरुंद वाट उरते. दिवा दिसला नाही तर होडी चिखलात रुतते, आणि भरती येईपर्यंत माणसं तिथेच अडकतात.

त्यामुळे बेटाचा नियम होता: शेवटची होडी परत आल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही, आणि ज्या घराची होडी शेवटी आली त्या घरानं दुसऱ्या दिवशीचं डिझेल ओतायचं. यावरून किनाऱ्यावर रोज थट्टा चाले. "आज पण तूच? घरी यायला घाबरतोस की काय बायकोला?"

इंजिन सांभाळायची एक म्हातारी. सगळे तिला मासी, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणू लागलो. तिचा मुलगा होडी घेऊन जाई. बोलणं गुजरातीत व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहितोय. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सूरज बुडाल्यावर तुझा सूरज काय करणार?"

मी म्हणालो, "दिवसाचं ऊन बॅटरीत साठवायचं, मासी. तुम्ही मासळी सुकवून ठेवता तसं."

"वास तर नाही ना मारणार?" ती म्हणाली, आणि बायका खो खो हसल्या. पण पॅनेलसाठी त्यांनी जागा दिली ती मासळी सुकवायचीच. बेटावर त्याहून चांगलं ऊन कुठेच पडत नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे आले, भाषणं झाली. साहेबांनी जुनं इंजिन मागितलं. "आठवण म्हणून जपू आम्ही." बेटानं ते लेकीसारखं पाठवलं. हळदकुंकू लावलं, चुनरी बांधली, नारळ फोडला, बायकांनी डोळे पुसले. मासीनं मात्र हँडल काढून घेतलं. "पोरगी देते. तिची एक बांगडी माहेरी राहू दे."

साहेबांनी इंजिनाला चंदेरी रंग दिला आणि ऑफिसच्या दारातच फरशीला बोल्ट मारून बसवलं. दिवाळीच्या पूजेला आईवडील आले तेव्हा त्यांनी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

मग एके सकाळी मासीचा फोन आला. "दिवा गेला रे."

वायर सुटली असेल असं धरून मी हत्यारं घेऊन गेलो. बॅटऱ्यांच्या खोलीला कुलूप होतं. मासीच्या मुलानं ते उघडलं. आत मोकळ्या मांडण्या, बाकी काही नाही.

"तुमचीच माणसं घेऊन गेली," तो म्हणाला. "सफाईला नेतो म्हणाली. तुझं नाव सांगितलं, म्हणून आईनं चावी दिली."

संध्याकाळी हातात टॉर्च घेऊन मासी वळणावर उभी राहत होती, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मुलाची होडी त्या आठवड्यात रुतून बसली होती.

मी तसाच ऑफिसला गेलो. साहेबांनी नेहमीसारखा चहा मागवला.

"अरे, पुढच्या गावाचं उद्घाटन होतं. त्यांचा माल आला नाही. पाहुण्यांना काय सांगणार?"

"परत कधी आणायच्या, सर?"

"आता तिथल्या लोकांच्या काढून आणू? तीही माणसंच आहेत. बेटावर दिवसा पंखे चालतात ना?"

"सर, तुमच्या माणसांनी माझं नाव सांगून चावी घेतली."

ते हसले, अगदी मायेनं. "तुझा चेहराच तसा आहे. लोक विश्वास ठेवतात. म्हणून तर घेतलं मी तुला."

चहा मी तसाच ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी माझं मराठी त्यांनी मनापासून ऐकलं होतं.

"मग इंजिन तरी द्या," मी म्हणालो.

"घेऊन जा. तसंही ती जागा नव्यानं सजवायचीय. फोटो आहेतच आपल्याकडे."

भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी मासी, तिचा मुलगा आणि बेटावरचे काहीजण टेम्पो घेऊन आले. मासी चंदेरी इंजिनाभोवती फिरली. "नटवली तर छान आहे." मग टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. "सासरी उपाशीच ठेवली मेल्यांनी." आम्ही बोल्ट काढले. साहेब खाली आले नाहीत.

इंजिनाच्या वजनानं होडी हळू चालली. तोवर ओहोटी लागली. आमच्यापुढच्या सगळ्या होड्या निघून गेल्या. आम्ही वळणावर आलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि माणसं गुडघाभर चिखलात टॉर्च धरून उभी होती, आम्हाला वाट दाखवायला.

इंजिन जुन्या ओट्यावर बसवलं, त्यात तेल आणि डिझेल ओतलं. मासीनं घरातून हँडल आणलं आणि माझ्या हातात दिलं. "मार."

पहिल्यांदा ते नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा हँडल माझ्या मनगटावर बसलं. मग चंदेरी रंगाचे पोपडे उडवत ते धडधडलं आणि वळणावरचा दिवा लागला.

"शेवटची होडी कुणाची आज?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"माझी," मासीचा मुलगा म्हणाला.

"होडी तुझी. उशीर कुणामुळे झाला?" मासीनं माझ्याकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

नोकरी मी सोडली. घरी एवढंच सांगितलंय की कंपनी बदलली. आईवडिलांचा तो फोटो अजून डिंडोलीच्या भिंतीवर आहे, आणि वडील येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवतात.

इंजिन सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी इच्छापोरच्या पंपावर कॅन भरून मी बेटावर गेलो. दुपार होती. मासळीच्या जागेवर पॅनेल तापून चकाकत होते. मासीनं टाकीवर फडकं धरलं.

"सांडू नकोस," ती म्हणाली.

मी जपून ओतलं.