तिसऱ्या फेरीला बंद पडणारी मोटर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिलाईत, सुपेल्याच्या बाजारात बॅटरीच्या एका दुकानात उभी होते. हातात पितळेची दोन टर्मिनल होती आणि मी दुकानदाराशी वाद घालत होते, की मला शिशाची नकोत, पितळेचीच हवीत, कारण दादांनी तसं बजावून सांगितलं होतं. फोनवर जाऊबाई होत्या. "शालू, जिथं असशीन तिथून निघ. तुझे दादा बोलून नाही राहिले," एवढंच त्या म्हणाल्या. मी टर्मिनल पर्समध्ये टाकली आणि ऑटो केला. वाटेत वेड्यासारखं एकच मनात येत होतं, की ही टर्मिनल पाहून दादा काय म्हणतील... सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात पोचले तेव्हा ते अजून खुर्चीवरच होते. दुपारी जेवून नेहमीसारखे पाण्याच्या निळ्या ड्रमाशेजारी बसले आणि बसल्या बसल्याच गेले. ड्रमाच्या काठाला त्यांची ती बोटीची मोटर लटकवलेली होती. शेजारीपाजारी जमले होते, कुणीतरी तांब्या मागत होतं, आणि मी मात्र त्या मोटरीकडे पाहत उभी राहिले. आज दीड महिना होत आला, पण डोळ्यांपुढचं ते चित्र काही हलत नाही.

दादा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. आम्ही मूळचे विदर्भातले. दादांच्या वडिलांना स्टील प्लांटमध्ये नोकरी लागली आणि घराणं भिलाईचं झालं, पण गावाकडच्या रीती सामानाबरोबर आल्याच. त्यातली एक म्हणजे, लहान भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. ते आले की पदर सावरायचा आणि आत जायचं. रिटायर होईपर्यंत मी सिविक सेंटरच्या बँकेत काउंटरवर बसून दिवसभर शंभर परक्या माणसांशी भांडत असे, आणि घरी मात्र भासऱ्यांना "जेवायला चला" म्हणायची चोरी. काही सांगायचं झालं तर दादा भिंतीकडे पाहून म्हणायचे, "चहात साखर जरा जास्त झाली वाटते," आणि मी कपाटाला उत्तर द्यायची, "साखर कमी टाकली तं चहाच पेत नाही कोणी." माझा नवरा वसंता मध्ये बसून हसायचा. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली तरी आमचं बोलणं असंच, भिंतीमार्फत आणि कपाटामार्फत चाललेलं होतं.

दोघा भावांना गळ टाकायचा भारी नाद. तांदुळा धरणावर त्यांची एक जुनी फायबरची बोट होती, काठावरच्या एका केवटाच्या, म्हणजे नावाड्याच्या घरी ठेवलेली. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून दोघं जायचे. वल्ही वसंताच्या हातात, गळ दादांच्या. मासे बहुतेक वेळा नावालाच मिळायचे, पण दोघं इतके खूश होऊन परत यायचे, की जाऊबाई म्हणायच्या, "मासोळ्या तिथंच सोडून येता का तुमी, नुसती हवा खाऊन?" मग वसंता गेला. पोटाचं दुखणं निघालं आणि पाहता पाहता माणूस हातातून निसटला. त्यानंतर मी वैशाली नगरच्या घरात स्वतःला कोंडून घेतलं, त्याला दुसरा शब्द नाही. खिडक्यांचे पडदे उघडत नव्हते. बेल वाजली तर पलीकडचा माणूस कंटाळून निघून जाईपर्यंत बसून राहायची. जाऊबाई डबा घेऊन यायच्या, समजूत घालायच्या, आणि मी हो ला हो करून त्यांना वाटेला लावायची. मला जगायचंच नव्हतं, खरं सांगते. मरायची हिंमत नव्हती म्हणून दिवस ढकलत होते.

दादांनी ती मोटर मागवली ती याच काळात. बोटीच्या मागच्या काठाला लावायची, बॅटरीवर चालणारी, खाली पंखा आणि वर दांडा. त्यांचा खांदा धरलेला होता, वल्हवणं होत नव्हतं, आणि वल्हवणारा तर गेला होता. जन्मभर प्लांटच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये काम केलेला माणूस, त्यामुळे पार्सल उघडल्याबरोबर घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी काढून मोटरीला जोडली. लाईट गेली की घरात अंधार आणि अंगणात मोटर सुरू. ड्रमात ती झकास चालायची, आणि धरणावर नेली की पाण्याच्या मध्यावर जाऊन ठप्प. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा दादा तासाभरानं एका नावेला बांधून काठावर आले, आणि जाऊबाईंनी तिथंच फर्मान काढलं, की एकट्यानं पाण्यावर जायचं नाही. "मोटर नाही, जावईबापू हाय तुमची. मान कमी झाला का रुसला," त्या म्हणाल्या. दादांनी प्लांटचा नियम पुढे केला. लागोपाठ तीन ट्रायल पास झाल्याशिवाय मशीन ताब्यात घ्यायचं नसतं. तीन फेऱ्या न थांबता झाल्या की मग एकट्यानं जाईन, तोवर सोबत कोणी चालेल. पण सोबत जाणार कोण? जाऊबाईंचे गुडघे गेलेले, बोटीत पाय टाकला की त्यांना चक्कर यायची. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तू वैनगंगेच्या काठची पोर, तुले पोहता येते. तू जाय बरं." मी म्हटलं, मी कशी जाणार, भासऱ्यांसोबत बोटीत? तर म्हणाल्या, "मी काठावर बसतो ना. आन् मानूस बुडला तं रीत काय चाटाची हाय?"

अशी मी गेले. दादांच्या जुन्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर, पायाशी बॅटरी, शेजारी वल्ही. बोटीत ते मागच्या टोकाला मोटरीशी, मी पुढच्या टोकाला त्यांच्याकडे पाठ करून, डोक्यावर पदर. मोटर बंद पडली की त्यांनी मोटरीला विचारायचं, "काय झालं व तुले आता?" आणि मी पाण्याकडे पाहत म्हणायचं, "बॅटरी उतरली असन." बॅटरी उतरलेली नव्हती. नुसती मोजली तर भरलेली दिसायची, आणि पंख्याला जोर लागला की मान टाकायची. दादांनी शोधून काढलं, की त्यांनी जोडलेली वायर बारीक आहे. ड्रमात पाणी पंख्याबरोबर गोल फिरतं म्हणून तिच्यावर जोर येत नव्हता, धरणात येत होता. मग मला सुपेल्यात जाड तांब्याची वायर आणायला पाठवलं, अर्थात जाऊबाईंमार्फत. ते सुधारलं तर पुढे मोटर फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालायला लागली, खालचे वेग मेले. आतली कॉईल जळाली होती. ती बदलली. मग ती घरघरायला लागली. पंखा उघडला तर मागच्या दांड्याला गळाची तांत गुंडाळलेली, इतकी घट्ट की ब्लेडनं कापावी लागली. ती तांत वसंताच्या जुन्या रिळाची होती, हिरवट रंगाची. दादांनी ती टाकून दिली नाही, रुमालात बांधून खिशात ठेवली. मी ते पाहिलं.

एवढं सगळं होऊनही ट्रायल काही पास होईना. पहिली फेरी छान व्हायची, दुसरीही व्हायची, आणि तिसऱ्या फेरीला धरणाच्या मध्यावर मोटर हमखास बंद. मग मी वल्ही घ्यायची. सुरुवातीला बोट जागच्या जागी गोल फिरायची, हाताला फोड यायचे. वल्ह्याच्या मुठीला वसंतानं सुती फडकं गुंडाळून ठेवलं होतं, त्याच्या घामानं काळं पडलेलं. एके दिवशी ते फडकं हाताखाली आलं आणि मला काय झालं कोण जाणे... इतक्या महिन्यांत जे रडले नव्हते ते पाण्याच्या मधोमध रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखी. पाठीमागे भासरे बसले आहेत याचंही भान राहिलं नाही. त्यांनी पाना काढला आणि बॅटरीच्या डब्याशी ठोकाठोक सुरू केली, विनाकारण, बऱ्याच आवाजात. आणि मोटरीला म्हणाले, "घे, पुरा वेळ घे. आमाले काही घाई नाही." माझं रडणं संपेपर्यंत ती ठोकाठोक चालली. मग मी वल्ही मारत बोट काठाला आणली, आणि केवटाची बायको ओरडली, "फेर बंद होगे का, बाबूजी?" दादा म्हणाले, "हौ ना बाई, पुन्हा बंद पडली."

त्या दिवसानंतर पदर खांद्यावर आला. मी वळून दादांकडे तोंड करून बसू लागले. आमचं बोलणं सुरू झालं, पण भिंतीची सवय जाता जाईना. दादा मोटरीशी बोलायचे आणि मी डोळ्यांत पाहून उत्तर द्यायची. ते मोटरीला सांगायचे, लहानपणी वसंता कसा शाळा बुडवून तलावावर पळायचा आणि मार मात्र ते खायचे. एकदा म्हणाले, "आमच्या वसंतापेक्षा चांगली वल्हवते हे." मी विचारलं, "कोण? मोटर?" तर इतके हसले की बोट हलली. बोटीत बसताना ते उजव्या पायातली चप्पल काढून ठेवायचे, एकाच पायातली. पाण्याला मान देताना अर्धाच कसा देतात, असं मी चेष्टेनं विचारलं तेव्हा, "अंगठ्याले गोखरू झालं," म्हणाले. दादा घरी यायचे असले की आता मी पडदे उघडून ठेवायची. सुपेल्याच्या चकरा वाढल्या होत्या. कधी नट, कधी फ्यूज, कधी ग्रीसची डबी. दुकानदार मला "बोटवाली दीदी" म्हणायला लागला, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. म्हाताऱ्या भासऱ्यांचा जीव त्या मोटरीत अडकलाय, मी सोबत गेले नाही तर त्यांचं पाण्यावर जाणं सुटेल, अशी माझी समजूत होती. आपण कुणाच्या तरी कामाला येतोय या भावनेवर मी उभी राहिले होते.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी अंगण आवरताना मी जाऊबाईंना म्हटलं, की मोटर त्या केवटाला देऊन टाकू, पण तिच्यात फॉल्ट आहे हे सांगून द्यावी लागेल, नाहीतर बिचारा मध्येच अडकायचा. जाऊबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"कोनता फॉल्ट? मोटर तं मागच्या होळीच्या आधीच सुधरली. ते तांत निघाली ना, त्याच दिवशी."

"मंग तिसऱ्या फेरीले कावून बंद पडे?"

"अवो, तुझे दादाच पायाच्या अंगठ्यानं प्लग ओढत जात बॅटरीचा. मले त्यायनंच सांगतलं ना."

मी खाली बसले. एका पायातली चप्पल माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि बॅटरीच्या डब्यामागे दडलेला तो मोकळा पाय.

"मी म्हटलं त्यायले," जाऊबाई सांगत होत्या, "कावून पोरीले उगाच वल्हे मारायले लावता? तं म्हने, ट्रायल पास झाली तं ते पोर येईन का? पुन्हा पडदे लावून बशीन. मी म्हटलं, मंग सरळ म्हना ना, चाल बाई पाण्यावर. तं म्हने, भासऱ्यानं लहान सुनेले असं म्हनाव कसं? मोटरीनं म्हटलं तं चालते."

तांदळाचं सूप बाजूला ठेवून जाऊबाई रडू लागल्या, आणि मी त्यांना धरून रडले. माझ्या नवऱ्याच्या वेळी जो आधार मी कुणाकडून घेतला नाही, तो हा माणूस मला न विचारता, अंगठ्यानं, वर्षभर देत राहिला. आणि मला वाटत होतं की मीच त्यांना सांभाळतेय. एकदा, फक्त एकदा त्यांच्याकडे तोंड करून, मध्ये ना भिंत ना मोटर, "दादा, मला कळलं" असं म्हणायला मिळालं असतं... ते आता कुणाला म्हणू? ही हळहळ माझ्यासोबतच जाणार.

मोटर आम्ही कुणाला दिली नाही. ती अजून त्याच ड्रमाला लटकलेली आहे. पितळेची टर्मिनल माझ्या पर्समध्ये तशीच आहेत, त्यांची कधीच गरज नव्हती हे आता कळतंय, तरी बाहेर काढवत नाहीत. परवा दुपारी क्वार्टरवर गेले होते. जाऊबाई आत भांडी घासत होत्या. मी ड्रमात पाणी भरलं, बॅटरीचा प्लग लावला आणि दांडा फिरवला. पंखा सुरू झाला, पाणी गोल फिरायला लागलं. मी थांबवली, पुन्हा सुरू केली. दुसऱ्यांदाही नीट चालली. तिसऱ्यांदा सुरू केली आणि दादांच्या खुर्चीवर बसून राहिले. मोटर एका लयीत चालली होती, कुठे अडखळत नव्हती, आणि मी तिच्याकडे टक लावून पाहत होते.

"चालून राहिली का व?" जाऊबाईंनी आतून विचारलं.

"हो," मी म्हटलं, "बंदच नाही पडून राहिली, जाऊबाई..."