सेंदाई ते फुकुओका: दोन तास की अडीच?

विमान सेंदाईहून दुपारी बाराला सुटलं होतं. आमच्या स्क्रीनप्रमाणे ते दोनला फुकुओकाला उतरणार होतं. ते अडीचशिवाय उतरत नाही, हे त्या क्षणी आमच्या ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं.

मी ओसाकात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. व्हीलचेअरवरच्या प्रवाशांसाठी छोटी चार्टर विमानं बुक करणारी एक कंपनी आमची क्लायंट. दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ दाखवणारं मॉड्यूल माझं. अंतर भागिले वेग, शाळेतलं गणित. पण हिवाळ्यात जपानवर, वरच्या हवेत, पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो. पूर्वेला जाताना तो विमानाला ढकलतो, पश्चिमेला जाताना अडवतो. मी वारा धरलाच नव्हता.

हे मला आदल्या संध्याकाळी सव्वासहाला कळलं होतं. पण पुण्यातल्या माझ्या पहिल्या बॉसनी सवय लावलेली: प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या. म्हणून मी गप्प बसून कोड दुरुस्त केला, सकाळी टेस्टिंग केलं. सव्वाबाराला, आता ऐटीत सांगायला जावं म्हणून, त्या दिवसाचं बुकिंग उघडलं.

एकच प्रवासी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. त्यांना फुकुओकाच्या बंदरातून तीनची बोट धरायची होती. पलीकडच्या बेटावर त्यांचा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता. व्हीलचेअर असली की अर्धा तास आधी बोटीवर चढवतात. पुढची बोट दुसऱ्या दिवशी.

मी मॅनेजर मोरी-सानसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"हे कधी कळलं?"

"काल संध्याकाळी. फिक्स तयार करूनच तुम्हाला सांगणार होते."

"देवधर-सान, फिक्स तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. आजी विमानात आहेत."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी क्लायंटच्या ओनो-सानना फोन लावला आणि फोनवरच मान लववून माफी मागितली. चूक माझी, मान त्यांची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वीस मिनिटांनी ओनो-सानचा फोन आला. "बोट थांबणार नाही. पण आधी कळवलंत, म्हणून आजींना सगळ्यांत शेवटी घ्यायला तयार आहेत. दोन पंचावन्नपर्यंत. मिनिटही जास्त नाही."

विमान दोन तेहतीसला उतरलं. व्हॅन थेट विमानापाशी नेली होती. बंदर तिथून पंधरा मिनिटांवर, तेही सिग्नल लागले नाहीत तर. दोन पन्नास झाले. फोन गप्प. मोरी-सान पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

दोन छप्पनला फोन वाजला. "चढल्या."

बोट बरोब्बर तीनला सुटली.

दुसऱ्या दिवशी ओनो-सानची दोन ओळींची मेल आली. भेट झाली, भावाने बहिणीला ओळखलं. मी वॉशरूममध्ये जाऊन रडून घेतलं. परत आल्यावर मोरी-सानना विचारलं, "मी त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर?"

"विमान अर्धा तास आधी सोडलं असतं," ते म्हणाले आणि कामाला लागले.

मॉड्यूल आता वारा धरतं. सेंदाई ते फुकुओका, हजारेक किलोमीटर, हिवाळ्यात अडीच तास. माझ्या टेबलापासून मोरी-सानचं टेबल दहा पावलं. ते अंतर कापायला मला अठरा तास लागले होते.