तिसरीच्या वर्गाबद्दल माझा शेरा

चहा येईपर्यंत माझा एक मूर्खपणा सांगतो. आमच्या हिला अजून पूर्ण माहीत नाही, तेव्हा ऐका आणि इथेच विसरा.

मी राहतो मोशीला, नोकरी चाकणला. जीव मात्र अडकलाय एका महापालिकेच्या शाळेत. शाळेचं नाव सांगत नाही, का ते कळेलच. वडील लातूरहून कंपनीत कामाला आले, कासारवाडीला खोली घेतली, आणि मी त्या शाळेत पहिली ते चौथी शिकलो. आता सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. तरी ओव्हरटाइम करताना मध्येच तिसरीचा वर्ग आठवतो. खिडकीतून रेल्वे दिसायची. गाडी आली की बाई पाढा थांबवायच्या, आवाज गेला की तिथूनच पुढे. फार आठवण येते राव.

चाकणला आमची सुट्टी गुरुवारी. म्हणजे मी मोकळा आणि शाळा चालू. मार्चमधल्या एका गुरुवारी गेलोच. मुख्याध्यापक बाई मीटिंगला गेल्या होत्या. शाळेतल्या मावशींनी पाणी दिलं, तिसरीचा वर्ग दाखवला.

तोच फळा, तीच खिडकी. भिंतीवर ओघळ होते, तेही मला नकाशासारखे सुंदर वाटले. ती ओल आहे हे डोक्यातच आलं नाही.

शाळेच्या ऑफिसात परत आलो तर टेबलावर दोन वह्या. मावशी म्हणाल्या, "पाव्हणं आलं की लिवून जात्यात. लिवा काय वाटलं ते."

एक साधी चाळीस पानी आणि एक जाडजूड, लाल कापडी बांधणीची. माझ्या भावना काय चाळीस पानीत मावणार होत्या? जाड ओढली. आधी कुणी काय लिहिलंय हे बघायचं तरी. पण डोळे भरलेले, बघतो कोण.

आणि आपण शिकलेली माणसं, म्हणून भाषा जरा भारदस्त लावली. 'तिसरीचा वर्ग पाहिला. अतिशय समाधान वाटले. वर्ग पूर्वी होता तसाच राखला आहे. यात काडीचाही बदल करू नये.' खाली तारीख, वेळ आणि कंपनीत ठोकतो तशी सही, जी मलाही परत वाचता येत नाही.

घरी येताना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

ऑगस्टमध्ये परत गेलो. या वेळी बाई होत्या. म्हटलं, "मी इथलाच विद्यार्थी. मार्चमध्ये अभिप्राय लिहून गेलो होतो, वाचलात का?"

"कुठला अभिप्राय?"

मी मोठ्या अभिमानाने लाल वही उघडून पान दाखवलं. बाईंचं हसू गेलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. मनापासून."

"अहो दादा, हे शेरेबुक आहे. तपासणीला साहेब येतात ते यात शेरा लिहितात. लोकांचे अभिप्राय त्या छोट्या वहीत."

"मग खोडून टाकू?"

"पानांना नंबर आहेत. खोडता येत नाही, फाडताही येत नाही. आम्हाला वाटलं, मी नसताना कुणी साहेब येऊन गेले. तिसरीच्या छताचा प्रस्ताव मी तीन वर्षं पाठवतेय. यंदा कुठे वरून माणूस बघायला आला. त्याने आधी शेरेबुक उघडलं. म्हणाला, साहेबच नको म्हणतायत, मी कसं हो म्हणू?"

मी पानाकडे बघितलं. माझ्या शेऱ्याखाली बाईंच्या अक्षरात एक ओळ होती. प्रत्येक शेऱ्याची पूर्तता लिहावी लागते म्हणे. 'पूर्तता: सूचनेनुसार काडीचाही बदल केलेला नाही.'

आणि खरंच केलेला नव्हता. तिसरीची पोरं व्हरांड्यात बसली होती. वर्गात तीन बादल्या होत्या, त्यातली एक बरोबर माझ्या खिडकीजवळच्या जागेवर. मला रडू आलं, खोटं सांगत नाही. ज्या वर्गासाठी मी इतकी वर्षं झुरलो, तो मीच या पोरांकडून काढून घेतला होता.

"चुकलो बाई. या शाळेची मला फार ओढ आहे हो, म्हणून..."

"दिसतंय ते." मग त्या जरा मऊ झाल्या. "मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी. पुढच्या वर्षी पहिलीला जाईल."

"मग घाला की इथे. इतकी ओढ आहे, आणि आमचाही पट वाढेल."

आता बघा, मोशी लांब पडतं असं म्हणता आलं असतं. हिला इंग्रजी शाळाच हवीय, असंही म्हणता आलं असतं. पण मी काय बोलावं?

"घातली असती हो बाई. पण छत गळतं ना."

बोललो आणि जीभ चावली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी लाल वही माझ्यापुढे सरकवली, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं.

"हेच लिहा, दादा. अगदी याच शब्दांत. आणि छत झालं, की पूर्तता तुम्ही करायची."