हुरड्याला बोलावलेला भाऊ

माझ्या नवऱ्याकडे ट्रॅक्टरचं लायसन्स होतं, हेवीचं नव्हतं. एसटीत ड्रायव्हर व्हायचं तर हेवी लागायचं, आणि ते शिकवणाऱ्या मोटार स्कूलची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. अशात शहरातल्या नोकरीसाठी नाव नोंदवायच्या ऑफिसात कागद लागला. ज्यांचं तिथलं नोंदणीचं कार्ड आहे, त्यांच्यापैकी काही जणांच्या शिकण्याचा आणि लायसन्सचा खर्च सरकार करणार होतं. अडचण वयाची होती. गुरुजींनी दाखल्यावर यांचा जन्म एक जूनचा टाकलेला, आमच्या अर्ध्या गावाचा टाकलाय तसा. येत्या एक जूनला यांचं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. यंदा नाही तर कधीच नाही.

अर्ज घेऊन मी गेले. हे टेबलापुढे उभे राहिले की मुके व्हायचे. शिवाय ज्यांचा ट्रॅक्टर हे चालवायचे, ते मालक सुट्टी देत नसत. मी सातवी शिकलेली. मला वाचता येत होतं आणि भांडताही येत होतं.

खिडकीतला कारकून चाळिशीचा होता. त्याने माझं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "बाई, माहेर कुठलं?"

"ताडकळस."

त्याने पेन खाली ठेवलं. "कुणाची तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"अगं, मग मी तुझा भाऊच की! बाजाराच्या मागं आमचं घर. आण इकडं तो अर्ज, मी भरतो. तू खाडाखोड करशील."

माहेरच्या गावचा माणूस भाऊ, मग तो कोणत्याही आळीतला असो. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी त्याला दादा म्हणायला लागले. त्याने गोल गोल अक्षरात अर्ज भरला, दाखला आणि कार्ड टाचलं आणि म्हणाला, "सासरच्यापुढं हात जोडायचे गं, भावापुढं न्हाई."

पुढच्या खेपेला विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटी अर्ध्या वाटेतून मागे फिरली. त्यानंतरच्या खेपेला दादा म्हणाले, "नुसत्याच खेपा घालायलीस. हुरड्याला बोलावशील का न्हाई भावाला?"

"या की रविवारी."

आमच्या दोन एकरांत त्या वर्षी कापूस होता. ज्वारी मालकाच्या रानात होती. मालकाला विचारलं, तर ते लगेच हो म्हणाले. रानाच्या धन्याला हुरडा भाजायच्या आगटीवर बसवल्याशिवाय पाहुण्यासाठी कणीस मोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मी पाळली. ज्याच्या हातात अर्ज होता आणि ज्याला यांनी जाऊ नये असं वाटत होतं, त्या दोघांना मीच आमंत्रण देऊन शेजारी शेजारी बसवलं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त जवसाची चटणी पुरेल का, एवढंच होतं.

रविवारी दादा आले. हे कणसं भाजत होते, मी चोळून देत होते. मालक मजेत होते.

"साहेब, आमच्या ड्रायव्हरला सरकार पळवायलंय म्हणं!"

"सरकार कशाला पळवंल? माझी बहीण पळवायलीय."

"मग तुमच्या बहिणीलाच ट्रॅक्टरवर बसवतो!"

सगळे हसले. मीही हसले. दही घरी राहिलं होतं, ते आणायला मी गेले. जाऊन येऊन अर्धा तास लागला असेल. परत आले तेव्हा तिघंही गप्प होते. हे काडीने राख उकरत होते. मला वाटलं, खाणं जड झालं.

नंतरचे चार महिने मी जाऊन येऊन होते. दरवेळी दादा म्हणत, "यादी वर गेलीय, ताई. तू कशाला हेलपाटे घालतीस? मी हाय ना." मी घरी येऊन हेच यांना सांगायचे. हे "बरं" म्हणायचे आणि पाणी प्यायला उठायचे.

मेमध्ये यादी लागली. मी वरून खाली आणि खालून वर वाचली. मग खिडकीशी गेले.

"दादा, यांचं नाव न्हाई."

त्याने मान वर केली नाही. "बाई, अर्ज तर माघारी घेतलाय तुमी."

"कुणी?"

ताई म्हणणारा माणूस बाई म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याने फाईल काढून माझ्यापुढे टाकली. 'घरगुती अडचणीमुळे अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे.' गोल गोल अक्षर त्याचंच होतं. सही यांची होती, एकेक अक्षर सुटं काढलेली. रविवारी ऑफिस बंद, म्हणून तारीख हुरड्याच्या दुसऱ्या दिवसाची, सोमवारची टाकलेली. कागदाच्या कोपऱ्यावर राखेचं बोट उमटलेलं होतं.

"तुमी आगटीवर बसून ह्ये लिवलं?"

"हळू बोल. साहेब आत हायत."

"लिवलं का न्हाई?"

"लिवलं. सही तुझ्या नवऱ्यानं केली. मी काय त्याचा हात धरला का?"

"अन् चार महिने मला यादी वर गेली म्हणून सांगायलात?"

"तुझ्या घरातलं त्यानं तुला सांगायचं. नवरा-बायकोच्या मधी मी कशाला पडू?"

मी आत साहेबाकडे गेले. साहेबाने फाईल दोनदा चाळली. सहीचा कागद असताना काही करता येत नाही, पुढच्या वर्षी अर्ज करा, असं म्हणाला. पुढच्या वर्षी वय बसत नाही, असं मी सांगितलं. त्याने दाखला पाहिला आणि म्हणाला, "हो, नाही बसत." माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणी विचारलं.

घरी आले तेव्हा हे ट्रॅक्टरखाली शिरून नट आवळत होते.

"सही केली तुमी?"

ते तसेच पडून राहिले. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. पायांकडून उत्तर आलं.

"मालक म्हणले, मी ट्रक घ्यायलोय. हेवीचं लायसन मीच काढून देतो. एसटीवाले कुठंबी लांब टाकतेत, घरदार सोडून जाशील."

"अन् तुमाला पटलं?"

"तुझा भाऊबी म्हणला ना, धनी एवढं म्हणायलेत तर ऐका. तुझ्या माहेरचा माणूस. मला वाटलं, तो तुझं वाईट कशाला सांगंल?"

एक जूनला हे रानात वखर हाणत होते.

ट्रक दोन पेरण्यांनंतर आला. त्याच्यासोबत ड्रायव्हरही आला, परगावचा, हेवीचं लायसन्स खिशात असलेला. हे त्या ट्रकवर कापसाची गाठोडी चढवायला जायचे. मालकाने लायसन्सचा विषय पुन्हा काढला नाही आणि यांनी आठवण करून दिली नाही.

पहिला ट्रक भरून गेला त्या संध्याकाळी हे जेवायला बसले. हाताला कापसाचे तंतू चिकटलेले होते. ताटाकडे बघतच म्हणाले, "तू लय रागावशील म्हणून तवा बोललो न्हाई."

"रागावले असतेच," मी म्हणाले. "सोमवारी पहिल्या गाडीनं जाऊन तो कागद फाडून आले असते. तुमाला ते ठाऊक हुतं, म्हणून बोलला न्हाईत."

ते जेवत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही.