साडूंचा चिंचेचा भात

उत्तम स्वयंपाक समोर आला की हताश होणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. ते मूळचे कुंभारीचे, पण शाळा सोलापुरात. मधल्या सुट्टीत त्यांची भाकरी आणि शेंगाचटणी बाकावरचा तेलुगू मित्र फस्त करायचा आणि त्याचा चिंचेचा भात साडू. सातवीनंतर तो मित्र शाळेत आलाच नाही. यंत्रमागावर कामाला लागला म्हणे. तो भातही तिथंच संपला. निवृत्त झाल्यावर साडूंनी ठरवलं, मरण्याआधी तो एकदा खायचाच.

आधी घरात प्रयोग झाले. माझ्या मेहुणीनं चिंच बदलली, तांदूळ बदलला, हिंग वाढवला, मग काढूनच टाकला. साडू डोळे मिटून घास चावत आणि म्हणत, "लई झकास झालाय. पण त्यो न्हाय." शेवटी तिनं पळी आदळली. "मग त्याच्याच घरी जाऊन जेवा की!"

साडूंना हा टोमणा वाटलाच नाही, सूचना वाटली. मित्राचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते विणकरांच्या वस्तीत दारं ठोठावू लागले, सोबतीला मी. अनोळखी घरात भात मागणारा, पोटभर खाऊन तो नापास करणारा आणि वर "पुन्हा या" असं ऐकून निघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. साडूंचं पोट वाढलं, तेलुगू सुधारलं, भात काही सापडेना.

एके दुपारी मात्र उंबऱ्यावर बसलेल्या एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तो कुंभारीचा भाकरीवाला काय रे?"

साडूंच्या तोंडून नुसतं "व्हय" निघालं.

ती मित्राची आई. भाताचं ऐकून आजी हसत सुटल्या. "रात्रीचा शिळा भात रे तो! पहाटे कारखान्याला जायची घाई, चिंचेचा कोळ रोज करपायचा माझा." त्यांनी लेकीला कोळ मुद्दाम करपवायला लावला. ताट रिकामं होईपर्यंत साडूंनी मान वर केली नाही.

"माझा पोरगा भिवंडीला असतो," आजी म्हणाल्या. "तो पण बायकोला छळतो, चटणी तशी होत नाही म्हणून." आणि फोन लावून, 'तुझा भाकरीवाला आलाय' एवढं सांगून त्यांनी तो साडूंच्या हातात दिला.

साडूंनी फोन कानाला लावला. मग पलीकडून घोगऱ्या आवाजात प्रश्न आला, "उद्या डब्यात काय आणतोस?"

साडूंनी चष्मा काढला.

"आणतो की सगळं," ते कसंबसं म्हणाले. "तू ये तर खरं."